तिसऱ्या रात्रीची तयारी

गोव्यात दारू सोडायचे मुहूर्त बहुधा ठरलेले असतात. श्रावण लागतो तेव्हा. चवथीचा गणपती घरात यायच्या आधी. कार्निव्हालचा मंगळवार संपून भस्म बुधवार उजाडतो तेव्हा. कुणी कुलदेवतेपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतो, कुणी म्हापशात बोडगेश्वराला सांगणं करतो, कुणी तिथल्याच मिलाग्रीस सायबिणीपुढे मेणबत्ती लावतो. काहींचा मुहूर्त सोनोग्राफीच्या रिपोर्टातून निघतो. शब्द मात्र सगळ्यांचे सारखेच: उद्यापासून एक थेंबही नाही.

या संकल्पाची टिंगल करण्याचं कारण नाही. बऱ्याच जणांची दारू सुटते ती अशाच एखाद्या दिवसापासून. पण ज्याच्या अंगात रोजची दारू मुरली आहे, त्याच्यासाठी ‘उद्यापासून एक थेंबही नाही’ हे धोक्याचं वाक्य आहे. ब्राउन शुगर सुटताना माणूस तळमळतो, अंग मोडून निघतं, पण एरवी धडधाकट माणूस त्यानं सहसा दगावत नाही. दारू एकदम तोडल्यानं दगावू शकतो. घरच्यांना हे कुणी सांगितलेलं नसतं. त्यांना वाटतं, पहिले चार-पाच दिवस निर्धाराची परीक्षा आहे. प्रत्यक्षात त्या दिवसांचं वेळापत्रक शरीराच्या हातात असतं आणि ते बऱ्यापैकी आधी सांगता येतं. सांगता येतं म्हणूनच तयारीही करता येते.

आधी हे कुणाला लागू आहे ते पाहू. शनिवारी मित्रांबरोबर बसणाऱ्याला बहुतेक नाही. खूण सकाळची असते. डोळा उघडल्यावर हात कापतात, मळमळतं, घाम येतो, आणि पहिला घोट पोटात गेला की अर्ध्या तासात सगळं निवळतं. असं होत असेल तर शरीर दारूवर चालू लागलेलं आहे. मग तो माणूस नोकरी नीट करतो का, कधी झिंगलेला दिसतो का, याला अर्थ उरत नाही. उलट भरपूर पिऊनही जो झिंगत नाही त्याचीच जास्त काळजी करावी.

किती पितो हे मोजायला बाटल्या मोजून भागत नाही, हिशेब ग्रॅममध्ये करावा लागतो. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्की-रमचा ३० मिलीचा लहान पेग म्हणजे साधारण १० ग्रॅम अल्कोहोल. १८० मिलीची क्वार्टर म्हणजे ६० ग्रॅम. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बियरची ६५० मिलीची एक बाटली ४० ग्रॅमच्या आसपास जाते, म्हणजे चार पेग. ‘मी फक्त बियर घेतो’ म्हणणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं. फेणी ४२ ते ४५ टक्क्यांची. आणि उर्राक, म्हणजे काजूच्या रसाची पहिल्या धारेची दारू, जिला मार्च ते मे या काळात कुणी दारू मानायलाच तयार नसतं, ती साधारण १५ टक्क्यांची असते. २०० मिलीचा एक ग्लास घेतला, त्यात लिंबू, मीठ, मिरची आणि सोडा काहीही घातलं, तरी पोटात अडीच पेग गेले. काजूच्या हंगामात सकाळपासून उर्राक पिणारा माणूस पावसाच्या तोंडावर हंगाम संपल्यावर थरथरू लागतो, आणि घरचे म्हणतात, हवा बदलली.

शरीर तासाला ७ ते १० ग्रॅम एवढंच अल्कोहोल जाळतं. सराईत पिणाऱ्याचं थोडं जास्त. रात्री दहाला क्वार्टर संपवणाऱ्याच्या रक्तातली दारू पहाटे चार ते सहाच्या सुमारास संपत आलेली असते. बारचं दार उघडायच्या आधी पायरीवर येऊन बसलेल्या माणसाचं कोडं एवढ्या भागाकारात सुटतं.

आता हे का होतं? मेंदूत काम शांत करणारं एक रसायन आहे, गाबा, आणि काम चेतवणारं दुसरं, ग्लुटामेट. दारू पहिल्याला जोर देते आणि दुसऱ्याला दाबते. वर्षानुवर्षं हे चाललं की मेंदू उलट बाजूनं भरपाई करतो, शांत करणारी यंत्रणा बोथट करतो आणि चेतवणारी वाढवतो. एखाद्या दाराला बाहेरून कुणी सतत रेटत असावं, आतल्यानं ते धरून ठेवायला खांदा लावलेला असावा, आणि बाहेरचा अचानक बाजूला व्हावा, तसं काहीसं होतं. आतला सगळ्या जोरानिशी बाहेर कोसळतो. कापरं, घाम, छातीतली धडधड, चढलेला रक्तदाब, फीट, भ्रम ही सगळी त्या एकाच कोसळण्याची रूपं आहेत. ‘अंगातलं विष बाहेर पडतंय, पडू दे’ ही समजूत म्हणूनच चुकीची आहे. विष तर पहिल्या रात्रीच निघून गेलेलं असतं.

डॉक्टरांनाही हे उमगायला वेळ लागला. कापरं आणि भ्रम एकत्र येणाऱ्या या अवस्थेला थॉमस सटन या इंग्लिश वैद्यानं १८१३ मध्ये ‘डेलिरियम ट्रेमेन्स’ हे नाव दिलं. पण ते दारूनं होतं की दारू तुटल्यानं, यावर पुढं सव्वाशेहून जास्त वर्षं वाद चालला. १९५३ मध्ये बोस्टनच्या सिटी हॉस्पिटलमधल्या रुग्णांवरून व्हिक्टर आणि अ‍ॅडम्स यांनी लक्षणांचा क्रम मांडला. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या लेक्सिंग्टनला इस्बेल आणि सहकाऱ्यांनी दहा जणांना काही दिवसांपासून ते जवळजवळ तीन महिन्यांपर्यंत रोज दारू दिली आणि मग एकदम बंद केली. त्यांना जेवण आणि जीवनसत्त्वं नीट मिळत होती, तरी जास्त काळ प्यालेल्यांना फिट आल्या, भ्रम झाले. तिथं वाद मिटला. ती माणसं पूर्वी मॉर्फिनच्या आहारी गेलेली होती. आज अशा प्रयोगाला कुठलीही समिती परवानगी देणार नाही, आणि ते बरंच आहे.

तर ते घड्याळ असं. वेळ मोजायची ती शेवटच्या घोटापासून, संकल्पापासून नव्हे.

सहा ते बारा तासांत सुरुवात होते. हातांना कापरं, घाम, मळमळ, डोकेदुखी, उगाच धास्ती, आवाज आणि उजेड नकोसा होणं. झोप येत नाही. नाडी नव्वद-शंभरच्या पुढे जाते. बहुतेकांचा त्रास इथवरच येतो, दुसऱ्या दिवशी शिगेला पोचतो आणि चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत उतरतो. या बहुतेकांमुळेच गैरसमज पसरतो. ‘आमच्या काकांनी सोडली, दोन दिवस घाम आला, झालं’ हे खरं असतं, पण ते काकांपुरतं.

फीट येण्याचा काळ सहा ते अठ्ठेचाळीस तासांचा, आणि त्यातही पहिल्या दिवसाच्या शेवटाला धोका जास्त. आधी काही सूचना मिळेलच असं नाही. हात फारसे न कापणाऱ्यालाही येऊ शकते. फीट आली तर माणसाला कुशीवर वळवावं, आजूबाजूची टेबल-खुर्ची हलवावी, डोक्याखाली काहीतरी मऊ सरकवावं आणि घड्याळ पाहावं. तोंडात चमचा, किल्ली, बोट काहीही घालू नये. कांदा-चप्पल हुंगवण्यात जाणारा वेळ वायाच जातो. फीट मिनिटाभरात थांबली तरी हॉस्पिटल टळत नाही. कारण उपचार न केल्यास अशा साधारण तिघांपैकी एकाला पुढे डेलिरियम होतो, आणि ‘आता बरा आहे, झोपलाय’ म्हणून घरी ठेवलेला माणूस तिसऱ्या रात्री हाताबाहेर जातो.

बारा ते चोवीस तासांत काहींना भास होतात. कुणी हाक मारल्यासारखं, भिंतीवर किडे चालल्यासारखं. माणूस मात्र शुद्धीवर असतो. आज वार कोणता, आपण कुठे आहोत, हे सांगू शकतो, आणि ‘हे खरं नाही, पण दिसतंय’ असंही म्हणतो. डेलिरियमचं तसं नाही. तो बहुधा ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान येतो, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशी, आणि नेमका रात्री दिसून येतो. माणसाला जागा कळत नाही, वेळ कळत नाही. बायकोला बहीण समजतो, घरात असून ‘घरी चला’ म्हणतो. चादरीवरून काहीतरी वेचत राहतो. अंगाला ताप, घामानं गादी भिजलेली, नाडी १२० च्या पुढे, आणि हात स्थिर नाहीत. उपचाराविना यातून दगावणारे बरेच होते. वेळेवर आणि नीट उपचार मिळाले तर ते प्रमाण शंभरात पाचाहून खाली येतं. हृदय, क्षार, ताप, न्यूमोनिया, किंवा भ्रमात पळताना झालेली इजा, कारण यांपैकी कुठलंही असू शकतं.

आपल्याकडे या तिसऱ्या रात्री एक निर्णय चुकतो. तीन दिवस दारू न प्यालेला माणूस असंबद्ध बोलू लागला तर दारूचा संशय कुणालाच येत नाही, कारण दारू तर सोडली आहे! मग देवचार आठवतो, वाटेतलं काहीतरी ओलांडल्याचं आठवतं, घाड्याला, म्हणजे मांत्रिकाला, बोलावणं जातं. श्रद्धा आपापल्या जागी ठेवून एवढंच सांगतो: आधी १०८ ला फोन, बाकी सगळं नंतर. आणि भ्रमातल्या माणसाशी ‘किडे नाहीत रे, बघ ना!’ असा वाद घालू नये, ‘हो हो, आहेत’ असंही म्हणू नये. नाव घेऊन, हळू आवाजात, तू घरी आहेस, मी इथं आहे, गाडी येतेय, एवढं पुन्हा पुन्हा सांगावं.

उलट बाजूही आहे. पिणाऱ्याचा प्रत्येक गोंधळ दारू तुटल्याचा नसतो. आठवड्यापूर्वी स्कूटरवरून पडून डोक्याला लागलं असेल तर आत हळूहळू रक्त साचत असू शकतं. साखर उतरलेली असू शकते. पावसाळ्यात ताप असेल तर डेंग्यू, मलेरिया, लेप्टो या तिघांचा विचार आधी व्हायला हवा. यकृत थकलेलं असेल तर त्याचा भ्रम वेगळाच. म्हणून तपासणी लागते, फोनवरचं निदान नको.

घरी राहून सोडायची की भरती होऊन, हा प्रश्न हिमतीचा नाही. पूर्वी कधी फीट आलेली असेल किंवा भ्रम झालेला असेल, तर भरती. वय साठीपुढचं, गरोदरपण, कावीळ किंवा पोटात पाणी, ताबा सुटलेला मधुमेह, हृदयविकार, सोबत झोपेच्या गोळ्यांची सवय, जीव नकोसा झाल्याची भाषा, किंवा घरात रात्रभर जागणारं माणूसच नसणं, यांतलं एक असलं तरी भरती. बाकीच्यांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली घरी सोडता येते. बऱ्याच जणांना तसं येतंही. गोव्यात बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेज आणि मानसोपचाराची संस्था, आयपीएचबी, दोन्ही आहेत; म्हापसा आणि मडगावला जिल्हा रुग्णालयं आहेत. ‘बांबोळीला नेला’ हे वाक्य गावात ज्या सुरात म्हणतात त्या सुरामुळे किती जण घरीच कापत राहतात याचा हिशेब कुणी ठेवत नाही. रात्री कुणाशी बोलायचं असेल तर टेलिमानस १४४१६ आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हे सरकारी क्रमांक आहेत.

डॉक्टरांकडे जाताना एक कागद न्यावा, कारण तिथं प्रत्येक जण पेग कमी सांगतो. कागदावर: काय पितो, दिवसाला किती मिली, किती वर्षं, शेवटचा घोट कोणत्या वारी किती वाजता, पूर्वी सोडताना काय झालं, चालू गोळ्या कोणत्या. बायकोनं किंवा मुलानं लिहिलेला चालेल. हाच कागद हात मोडून किंवा अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन दाखल झालेल्या माणसासाठीही लागतो. तिथं लाजेनं दारूचा उल्लेख टाळतात. मग तिसऱ्या दिवशी वॉर्डात माणूस सलाईन उपसून उठतो आणि सर्जनला कळत नाही की शस्त्रक्रिया तर नीट झाली, मग हे काय. भरतीच्या पहिल्या तासात एक वाक्य बोललं तर हे सगळं टळतं.

तपासताना डॉक्टर हात पुढे करून बोटं फाकायला सांगतात, जीभ बाहेर काढायला सांगतात. दहा बाबींना गुण देऊन त्रास मोजायची एक पट्टी आहे, एकूण गुण ६७. दहाच्या आत सौम्य, १५-२० च्या पुढे गंभीर. त्यावर औषध ठरतं. औषध म्हणजे मुख्यतः बेन्झोडायझेपीन गटातल्या गोळ्या, क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम. यकृत फार बिघडलेलं असेल किंवा वय झालेलं असेल तर लोराझेपाम, कारण ती साचून राहत नाही. पहिल्या दिवशी मात्रा सर्वांत जास्त, मग रोज थोडी थोडी उतरवत पाच-सात दिवसांत बंद. या गोळ्या दारूच्याच कुलुपाला लागतात, म्हणून त्यांनी फीट आणि डेलिरियम दोन्ही अडतात. आणि त्याच कारणानं त्या दारूबरोबर घेतल्या तर श्वास मंदावतो. शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या, ओळखीच्या फार्मसीतून चिठ्ठीशिवाय आणलेल्या गोळ्या, ‘आज फार कापतोय म्हणून दोन जास्त’, हे तीन प्रकार मात्र टाळायचेच. गोळ्यांचं पाकीट घरातल्या दुसऱ्या माणसाकडे असावं, तारीख आणि वेळ लिहून एकेक द्यावी. माणूस इतका गुंगला की हाक मारून नीट जागा होत नाही, तर पुढची गोळी थांबवून डॉक्टरांना फोन. त्या दिवसांत स्कूटरची चावीही लपवलेली बरी.

आता थायमीनबद्दल, म्हणजे जीवनसत्त्व बी-१. याकडे दुर्लक्ष होतं आणि त्याची किंमत आयुष्यभर मोजावी लागते. शरीरात थायमीनचा साठा जेमतेम तीस मिलिग्रॅमचा, दोन-तीन आठवडे पुरेल एवढा. रोज पिणारा जेवत कमी असतो, जे खातो त्यातलं थायमीन त्याचं आतडं नीट शोषत नाही, आणि यकृत साठवत नाही. ते संपलं की वेर्निकेचा आजार होतो: नजर एका जागी ठरत नाही किंवा दोन दोन दिसतं, चाल झोकांड्या खाते, डोकं गोंधळतं. तिन्ही एकदम दिसतीलच असं नाही. दारू न पिताही जो प्याल्यासारखा चालतो, त्याला त्याच दिवशी थायमीनचं इंजेक्शन मिळायला हवं. उशीर झाला तर नव्या आठवणी साठवायची ताकदच जाते आणि ती पुरती परत येत नाही.

यात एक नेहमीचा उपचार उलटतो. दारू सोडलेल्याला अशक्तपणा आलाय म्हणून जवळच्या दवाखान्यात ग्लुकोजची बाटली लावून घेतात. साखर जाळायला थायमीन लागतं. उरलंसुरलं त्यातच खर्ची पडतं. म्हणून थायमीन ग्लुकोजच्या आधी किंवा निदान बरोबर द्यायचं असतं. ‘डॉक्टर, थायमीन दिलंत का?’ हे विचारायला संकोच वाटायचं कारण नाही. साखर फार उतरलेली असेल तर मात्र ग्लुकोज थांबवून ठेवत नाहीत, दोन्ही एकदम देतात. पहिले दिवस इंजेक्शन चांगलं. पुढे शंभर मिलिग्रॅमच्या गोळ्या डॉक्टर सांगतील तितके दिवस.

आणि इथं आपल्या उकड्या तांदळाला दाद दिली पाहिजे. भात तुसासकट उकडताना कोंड्यातलं थायमीन दाण्यात उतरतं, त्यामुळे उकड्या तांदळात पांढऱ्या सुरय, म्हणजे न उकडलेल्या, तांदळापेक्षा ते बरंच जास्त राहतं. उकड्या तांदळाची पेज हे पहिल्या तीन दिवसांचं उत्तम अन्न: पाणी आहे, मीठ आहे, पिष्ट आहे आणि पोटात ठरते. गोळीची जागा ती घेत नाही. मळमळ असेल तेव्हा दर पंधरा-वीस मिनिटांनी अर्धी वाटी, एकदम ताटभर नव्हे. सोबत लोणच्याची फोड चालेल, पण मिरचीचं तिखट नको, दारूनं जठराचं अस्तर आधीच सोललेलं असतं. नारळपाणी चांगलं, मूत्रपिंडाचा आजार असेल तर विचारून. घाम आणि उलट्या चालू असतील तर ओआरएस, किंवा एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. नुसतं साधं पाणी तांब्यामागून तांब्या पाजत राहिल्यास सोडियम उतरतं आणि त्यानंही फीट येते. मेच्या उकाड्यात, वीज गेलेल्या दुपारी, दारू तुटल्याचा घाम आणि हवेचा घाम वेगळा ओळखता येत नाही. लघवी गडद झाली की पाणी कमी पडतंय एवढं धरावं. कडक चहा-कॉफी पहिले दिवस आवरावी, धडधड आणि कापरं दोन्ही वाढतं. उलटीत रक्त किंवा शौच डांबरासारखं काळं दिसलं तर पेज-बीज सोडून सरळ गाडी.

खोलीबद्दल थोडं. गादी जमिनीवर. रात्री मंद दिवा चालू ठेवावा, कारण पूर्ण अंधारात आणि सावल्यांत भास वाढतात. समोर मोठं घड्याळ आणि कॅलेंडर. एका वेळी एकच माणूस सोबत. भेटायला येणाऱ्या गावाला चवथीनंतर बोलवा. न्हाणीघराला आतून कडी नको. कोयता, आदोळी (विळी), सुरी आणि घरातलं सॅनिटायझर कुलपात. अंगणात उघडी विहीर असेल तर तिसऱ्या-चौथ्या रात्री तिच्यावर झाकण आणि मागच्या दाराला कुलूप, हे विसरू नये. दर चार तासांनी नाडी मोजून वेळेसह लिहावी. वहीत आकडे वर चढताना दिसले तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नये. हातपाय बांधणं मात्र नकोच.

मग डॉक्टर लगेच मिळत नसेल तर? दारू दर वेळी ठरवूनच तुटते असं नाही, दुकान बंद म्हणूनही तुटते. मतदान संपायच्या आधीचे ४८ तास दारूची दुकानं आणि बार कायद्यानं बंद असतात, आणि ते ४८ तास वरच्या घड्याळाशी नेमके जुळतात. २०२० च्या टाळेबंदीत देशभर हेच मोठ्या प्रमाणावर झालं. केरळ सरकारनं तर डॉक्टरच्या चिठ्ठीवर दारू द्यायचा आदेश काढला आणि तिथल्या उच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. चिठ्ठीवर बाटली हा उपचार नव्हे, हे डॉक्टरांचं म्हणणं बरोबर होतं. तरी सकाळी कापणाऱ्या माणसानं एकटं, घरी, एकदम तोडण्यापेक्षा डॉक्टर भेटेपर्यंत मोजून, हळूहळू उतरवणं कमी धोक्याचं, हेही तितकंच खरं. उतरवायची तर दर तीन-चार दिवसांनी साधारण दहावा हिस्सा, मापानं, दुसऱ्याच्या हातून. यातली मेख अशी की पहिला पेग गेल्यावर माप धरणारा हात ढिला पडतो. म्हणून हे पुलासारखं वापरावं, राहायला नव्हे.

एक प्रकार सरळ गुन्ह्यासारखा आहे: ‘न कळता दारू सोडवा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्या आमटीत कालवणं. त्यात काय आहे ते कळत नाही. डायसल्फिरामसारखं काही असेल आणि माणूस त्यावर प्याला, तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. कमकुवत हृदय तिथंच थांबू शकतं. डायसल्फिराम हे खरं औषध आहे, पण माणसाच्या संमतीनं, तपासण्या करून, शेवटच्या घोटानंतर निदान बारा तास गेल्यावर. आणि दारू तुटल्याच्या त्रासावर त्याचा काडीचा उपयोग नाही.

पाचव्या-सहाव्या दिवशी कापरं थांबतं आणि घरात सुटकेचा सूर लागतो. झोप मात्र अजून आलेली नसते. दारूनं दाबलेली स्वप्नांची झोप उसळून वर येते. भडक स्वप्नं, दचकून जागं होणं, स्वप्नात प्याल्याचं वाटून घामाघूम होणं, हे आठवडेच्या आठवडे चालू शकतं. त्यासाठी झोपेची गोळी कायमची लावून घेऊ नये. रक्तदाब दोन-तीन आठवड्यांत उतरतो, म्हणून पहिल्या आठवड्यातल्या आकड्यावर जन्मभराची गोळी ठरवायची घाई नको. उदासीचंही तसंच, तीन-चार आठवडे दारूविना गेल्यावर जी उरते ती तपासावी. गोड खावंसं वाटतं, ते खाऊ द्यावं.

समुपदेशन याच सुमारास कामाला येतं. ‘संगाथ’ या गोव्यातल्या संस्थेनं इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतून, डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांकरवी, एक ते चार बैठकांत पिण्यावर बोलायची पद्धत तपासून पाहिली आणि तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. ती पद्धत हानिकारक पिणाऱ्यांसाठी होती; सकाळी कापणाऱ्यांसाठी नव्हे. कापणाऱ्यानं आधी शरीराचा उपचार घ्यायचा, मग बोलणं, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची बैठक, पुन्हा ओढ लागू नये म्हणूनची औषधं. उलट क्रमानं केलं तर समुपदेशक बोलत राहतो आणि समोरचा हात गुडघ्यांखाली दाबून बसलेला असतो.

पुन्हा प्यायला लागणारे पुष्कळ असतात, आणि त्यांच्याबाबत एक गोष्ट घरच्यांना बहुधा माहीत नसते. दर खेपेला दारू तुटली की मेंदू आणखी सहज चेततो. पहिल्या वेळी नुसतं कापरं, तिसऱ्या वेळी फीट, पाचव्या वेळी डेलिरियम, असा चढता क्रम अनेकांत दिसतो, पिणं तेवढंच असलं तरी. त्यामुळे ‘मागच्या श्रावणात काही झालं नव्हतं’ हा भरवसा धरू नये. दरवर्षी श्रावण पाळून चवथ झाली की पुन्हा सुरू करणाऱ्या माणसानं यंदा पाळायच्या आधी, आषाढातच, तो वरचा कागद भरून डॉक्टरांकडे जावं, आणि त्यावर आजवर किती वेळा सोडली हेही लिहावं.